डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या सातारा-सांगलीकडील कित्येक घरांत तव्यावर तंबाखू भाजून तिची मिश्री करतात, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. दांतांस लावलेल्या अशा तंबाखूचा आणि मुखाच्या कर्करोगाचा संबंध पारखण्याचें काम आपल्या देशांत ज्यांनीं नेटानें केलें, त्यांत डॉ. खानोलकर अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म ता. १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. रोगामुळें शरीरांत जे फेरफार होतात त्यांचें शास्त्र तें विकृतिशास्त्र. त्या शास्त्रांतील लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनीं १९२३ सालीं मिळविली. पुढें मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं.

गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून रोगाचें नांव सांगितलें, कीं आपलें काम संपलें, असें मानणारे पुष्कळ असतात. खानोलकर त्यांतले नव्हते. रोगी कोणत्या प्रांताचा, काय चघळतो, काय ओढतो, वस्त्र कसें नेसतो, हें सारें त्यांना महत्त्वाचें वाटे. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षीं रूढींतून उद्भवणारे तीन प्रकार त्यांनीं वर्णिले. चुन्यांत मळलेली खैनी खालच्या ओठामागें धरणाऱ्यांस तेथेंच कर्करोग होई. चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत ठेवून ओढणाऱ्यांस टाळूला होई. आणि धोतर वर्षानुवर्षें कमरेस आवळून बांधल्यानें तेथील त्वचेस होई. संवय जेथें, रोग तेथें! इतकी साधी गोष्ट. पण ती दिसण्यास रोग्याशीं बोलावें लागतें.

१९५२ सालीं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था त्यांच्या पुढाकारानें उभी राहिली. १९६० पासून तीन वर्षें ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. ता. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं त्यांचें निधन झालें.

संवयींनंतर संशोधकांची दृष्टि ताटाकडे वळली, आणि येथें वाट बिकट झाली. भाजीपाला व फळें कमी खाणाऱ्यांत मुखाचा कर्करोग अधिक आढळतो, असें अनेक पाहण्यांत दिसलें. परंतु तंबाखू खाणारा पुष्कळदां भाजीही कमीच खातो; मग दोष कोणाचा? फिन्लंडमध्यें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांपैकीं कांहींस गाजरांतील पिवळ्या द्रव्याच्या, म्हणजे बीटा-कॅरोटीनच्या, गोळ्या वर्षानुवर्षें दिल्या. १९९४ सालीं निकाल आला, तो सर्वांस चकित करणारा होता: गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होतां शेंकडा १८ नें अधिक झाला. पालेभाजीचा गुण गोळींत उतरला नाहीं. आणि विडीचा दोष तर गोळीनें मुळींच गेला नाहीं.

मिश्रीची डबी मात्र अजून कित्येक घरांत कोनाड्यांत आहे.