पर्सी शॉ

पर्सी शॉ (जन्म : १५ एप्रिल १८९०, हॅलिफॅक्स, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू : १ सप्टेंबर १९७६, हॅलिफॅक्स) हे इंग्रज संशोधक व उद्योजक होते. रस्त्याच्या मधोमध बसवल्या जाणाऱ्या आणि वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश चालकाकडे परत पाठवणाऱ्या ‘कॅट्स आय’ (मांजराचे डोळे) या परावर्तकाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. विजेशिवाय चालणाऱ्या या साधनामुळे अंधारात व धुक्यात रस्त्याची दिशा ओळखणे सोपे झाले.

प्रारंभिक जीवन

शॉ यांचे वडील गिरणीच्या रंगकाम विभागात मजूर होते व कुटुंब मोठे होते. पर्सी दोन वर्षांचे असताना हे कुटुंब हॅलिफॅक्समधील बूथटाउन मॅन्शन या घरात राहायला गेले. शॉ यांनी पुढचे सारे आयुष्य याच घरात काढले. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते कापड गिरणीत कामाला लागले. त्यानंतर त्यांनी लघुलेखन व हिशेबलेखन शिकून पाहिले, तारा ओढण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि वडिलांबरोबर यंत्रदुरुस्तीही केली. वडिलांच्या निधनानंतर ते बागेतील वाटा व घरांसमोरील रस्ते बांधण्याची कंत्राटे घेऊ लागले. या कामासाठी त्यांनी लहानसा यांत्रिक रोलर स्वतः तयार केला होता. रस्त्याचा पृष्ठभाग, त्यावरील भार आणि त्याची होणारी झीज यांची जाण त्यांना या व्यवसायातून आली. पुढील शोधात पुस्तकी शिक्षणापेक्षा हीच जाण अधिक उपयोगी पडली, असे दिसते.

कॅट्स आयचा शोध

या शोधाच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा प्रचलित आहेत. हॅलिफॅक्स व क्वीन्सबरी यांमधील वळणावळणाच्या उताराच्या रस्त्याने शॉ रात्री घरी परतत असत. वाहनांच्या दिव्यांत चमकणारे ट्रामचे रूळ हाच अशा रस्त्यांवर चालकांचा आधार असे. एका कथेनुसार रूळ काढल्यावर हा आधार नाहीसा झाला आणि त्याला पर्याय शोधण्याची गरज शॉ यांना जाणवली. दुसऱ्या कथेनुसार धुक्याच्या रात्री कठड्यावर बसलेल्या मांजराचे डोळे गाडीच्या प्रकाशात चमकले आणि ते धोक्याच्या कडेवरून परत फिरले. मांजराची कथा अधिक लोकप्रिय असली तरी रुळांची कथा रस्तेबांधणी करणाऱ्या माणसाला अधिक शोभणारी आहे.

प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारे भिंग शॉ यांच्या आधीच अस्तित्वात होते. हियरफर्डशायरमधील हिशेबनीस रिचर्ड हॉलिन्स मरे यांनी १९२०च्या दशकात अशा भिंगाचे पेटंट घेतले होते. मात्र काचेचे भिंग रस्त्यात बसवले, तर ते चाकाखाली फुटणार किंवा चिखलाने झाकले जाणार, ही खरी अडचण होती. शॉ यांनी काचेच्या मण्यांच्या दोन जोड्या लवचीक रबरात बसवल्या आणि ते रबर ओतीव लोखंडाच्या जड बैठकीत ठेवले. वाहनाचे चाक वरून गेले की रबर खाली दबते, मणी आत जातात आणि रबराचा काठ त्यांच्यावरून फिरून काच पुसली जाते. बैठकीत साठलेले पावसाचे पाणी या धुण्याला मदत करते. जे चाक साधनाची मोडतोड करणार होते, तेच त्याची सफाई करू लागले. शॉ यांच्या शोधाचे मर्म चमकण्यापेक्षा या रचनेत अधिक आहे.

१९३४ मध्ये त्यांनी पेटंट मिळवले. त्याच वर्षी ब्रॅडफर्डजवळील एका चौकात पहिले परावर्तक बसवण्यात आले. मार्च १९३५ मध्ये त्यांनी ‘रिफ्लेक्टिंग रोडस्टड्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. सरकारी मान्यता मिळेपर्यंत मागणी तुटपुंजी राहिली.

युद्धकाळ आणि प्रसार

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये रात्रीचा संपूर्ण अंधार सक्तीचा करण्यात आला. रस्त्यावरील दिवे बंद झाले आणि वाहनांच्या दिव्यांना झाकणे बसवावी लागली. पहिल्याच महिन्यांत रस्त्यावरील मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. अशा वेळी आकाशातील शत्रूला वाट न दाखवता केवळ चालकाकडे प्रकाश परत पाठवणारे साधन मोलाचे ठरले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, वाहतूक खात्याचे तत्कालीन कनिष्ठ मंत्री जेम्स कॅलाहन यांनी हे परावर्तक मोठ्या प्रमाणावर बसवण्याच्या कार्यक्रमाला चालना दिली. हेच कॅलाहन पुढे पंतप्रधान झाले. बूथटाउनच्या कारखान्यातील उत्पादन वर्षाला दहा लाखांवर गेले.

ब्रिटनच्या महामार्गांवर पुढे या परावर्तकांना रंगांची भाषा मिळाली. मार्गिकांमध्ये पांढरा, डाव्या कडेला तांबडा, मधल्या दुभाजकाजवळ पिवळसर आणि जोडरस्त्याच्या तोंडाशी हिरवा रंग असतो. केवळ पोलिसांसाठी राखीव असलेल्या जोडरस्त्यांवर निळा रंग वापरतात. त्यामुळे धुक्यात थांबावे लागलेल्या चालकालाही आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, हे केवळ रंगावरून कळू शकते.

वैयक्तिक जीवन

शॉ अविवाहित होते. लहानपणी ज्या झाडावर ते चढत असत, ते सिकॅमोरचे झाड न तोडता त्यांनी कारखान्याची इमारत त्याच्याभोवती उभारली. संपत्ती आल्यावरही त्यांच्या राहणीत फारसा फरक पडला नाही. घरात गालिचे व पडदे नव्हते. रोल्स-रॉइस मोटार आणि एकाच वेळी सुरू असणारे अनेक दूरचित्रवाणी संच हीच काय ती त्यांची चैन होती. १९६५ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. बूथटाउन मॅन्शनमध्येच त्यांचे निधन झाले.