विल्यम केरी व श्रीरामपूरचा छापखाना

पुस्तकावर लेखकाचें नांव असतें. परंतु तें किती हातांच्या श्रमानें सिद्ध झालें, हें आपण क्वचितच मनांत आणतों. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून चांगली पटते, त्या डॉ. विल्यम केरी यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

केरी यांचा जन्म इ. स. १७६१ त इंग्लंडांतील एका खेड्यांत झाला. जोडे शिवण्याचा धंदा करतां करतां त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात् केल्या. १७९३ सालीं ते बंगालमध्यें आले. पहिलीं कांहीं वर्षें निळीच्या कारखान्यावर देखरेख करून त्यांस निर्वाह करावा लागला. पुढें १८०० सालीं, त्या वेळीं डेन्मार्कच्या अमलाखालीं असलेल्या, हुगळीकांठच्या श्रीरामपुरास त्यांस मुद्रक वॉर्ड व शिक्षक मार्शमन हे सोबती लाभले.

या मंडळीनें असा नियम केला कीं, प्रत्येकाची मिळकत सामाईक खजिन्यांत पडावी व कुटुंबांस गरजेपुरतेंच मिळावें. केरी फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकवीत, मार्शमन पतिपत्नी शाळा चालवीत आणि वॉर्ड छापखाना संभाळीत. केरींचा पगार दरमहा हजार रुपयांवर गेला, तरी नियम मोडला नाहीं.

परंतु नुसत्या पैशानें अक्षर उमटत नाहीं. पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर या बंगाली कारागिरांनीं अक्षरांचे ठसे कोरले. पंडितांनीं भाषा शिकविली. १८०१ सालीं बंगाली नवा करार निघाला. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध झाला.

ता. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं छापखान्यास आग लागली. कागद, खिळे व केरींच्या अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें भस्म झालीं. दाबयंत्रें मात्र वांचलीं व राखेंत ठसे सांपडले. कारागिरांनीं वितळलेल्या धातूचे पुन्हां खिळे ओतले. केरी पंडितांसह पुन्हां लिहावयास बसले.

श्रीरामपूरचें मराठी भाषांतर निर्दोष नव्हतें. पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशननें नवें भाषांतर करून १८२६ सालीं नवा करार छापला. एकानें आरंभावें व दुसऱ्यानें सुधारावें, अशीच भाषेची सेवा होत आली आहे.

ता. ९ जून १८३४ रोजीं केरी श्रीरामपुरासच वारले. विद्यार्थिमित्रहो, पुस्तक उघडतांना लेखकाबरोबर अक्षर कोरणाऱ्या कारागिराचीही आठवण ठेवा.