एका प्याल्याचा नाटककार

राम गणेश गडकरी यांना आयुष्य लाभले ते अवघे 33 वर्षांचे. जन्म 26 मे 1885 रोजी नवसारीचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले, पुण्यातले कॉलेज अर्धवट सुटले. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकवता शिकवता हा तरुण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानून लिहू लागला. कवितेसाठी तो गोविंदाग्रज झाला, विनोदासाठी बाळकराम. ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’ या नाटकांनंतर आले ‘एकच प्याला’.

सुधाकर हा बुद्धिमान वकील. कोर्टात अपमान होतो आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पळस्पे फाट्यावर पुण्याची आणि गोव्याची वाट वेगळी होते. तिथे गाडी जरा वळली की मुक्कामच बदलतो. सुधाकरचे तसेच झाले. पण गडकऱ्यांचे मोठेपण पुढे आहे. त्यांचा सुधाकर दुष्ट नाही. तो दारू सोडतो, काम शोधत दारोदार हिंडतो, अपमान झेलतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. सिंधू दळणे दळून घर चालवते, आणि अखेर सारे घरच उद्ध्वस्त होते. निश्चय असूनही माणूस का घसरतो, हा प्रश्न त्यांनी रंगभूमीवर मांडला.

उत्तराची वाट विज्ञानाला तेव्हा सापडली नव्हती. क्षयाने जर्जर झालेले गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला गेले. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले ते त्यानंतर, गंधर्व नाटक मंडळीतर्फे. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले. ती पाहायला नाटककार नव्हता.

पुढे पाचच वर्षांनी, 1924 मध्ये, जर्मनीतील येना गावी हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. अनेक वर्षे पिणाऱ्यांच्या मेंदूत जलद, ‘बीटा’ लहरींचा जोर अधिक असतो, असे नंतरच्या संशोधकांना आढळले. जणू मेंदूला स्वस्थ बसणेच जमत नाही. 1984 मध्ये हेन्री बेग्लायटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्यसनी पित्यांची लहान मुले तपासली. त्यांनी दारूला स्पर्शही केला नव्हता. तरीही अनपेक्षित खूण दिसताच मेंदूत उमटणारी ‘पी 300’ ही लहर त्यांच्यात इतर मुलांपेक्षा लहान होती. म्हणजे धोक्याचा काही भाग पहिल्या प्याल्याच्या आधीच घरात आलेला असू शकतो.

यावरून कुणाचे भविष्य ठरत नाही. त्या लहरी पाहून अमुक मुलगा व्यसनी होणार, असे सांगता येत नाही. अशा घरातली कितीतरी मुले दारूला शिवतही नाहीत. पण एवढे मात्र कळते, की व्यसन हा केवळ मनाचा कमकुवतपणा नव्हे, तो आजार आहे, आणि आजाराला उपचार असतात. पुण्यात 1986 साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ याच विश्वासावर उभे राहिले. सुधाकरला असे दार सापडले असते तर सिंधूचे घर कदाचित वाचले असते. आपल्या ओळखीच्या सुधाकरांना शिव्या देण्याआधी ते दार दाखवणे, हे आज आपल्या हाती आहे.