रिचर्ड शोप

डॉ. रिचर्ड एडविन शोप (२५ डिसेंबर, १९०१ – २ ऑक्टोबर, १९६६) हे अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ होते. डुकरांमधील इन्फ्लूएंझाचा विषाणू त्यांनी प्रथम वेगळा केला.

जीवन

शोप यांचा जन्म आयोवा राज्यातील डे मॉइन येथे झाला. १९२४ साली आयोवा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर ते प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत पॉल लुईस यांचे सहकारी झाले. लुईस यांचे १९२९ साली ब्राझीलमध्ये पीतज्वराने निधन झाले.

संशोधन

१९१८ च्या महासाथीच्या काळात आयोवातील डुकरांमध्येही तशाच लक्षणांचा श्वसनविकार पसरला होता. अशा डुकरांच्या श्वसनमार्गात लुईस व शोप यांना एक जिवाणू आढळला. मात्र केवळ त्या जिवाणूमुळे निरोगी डुकरांना हा आजार होत नसे. जिवाणू अडकवणाऱ्या गाळणीतून पार झालेल्या द्रवाने सौम्य आजार होई. दोन्ही एकत्र दिल्यास तो तीव्र, प्रसंगी प्राणघातक ठरे. म्हणजेच विषाणू व जिवाणू मिळून हा रोग बळावत होता. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. मानवी इन्फ्लूएंझाचा विषाणू त्यानंतर, १९३३ साली, इंग्लंडमध्ये वेगळा करण्यात आला. शोप यांनी सशांमध्ये गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूंवरही संशोधन केले. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

महत्त्व

प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. अशा दुहेरी संसर्गात ती केवळ जिवाणूला आवर घालतात. शोप यांच्या अभ्यासातील जिवाणू आज ग्लेसेरेला पॅरासुइस या नावाने ओळखला जातो. त्याचे काही प्रकार आता टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे डुकरांच्या श्वसनरोगांत लसीकरण व गोठ्याची स्वच्छता यांचे महत्त्व वाढले आहे.