कवि कलश

छत्रपति संभाजी महाराजांच्या दरबारीं कलश नांवाचा कनोजी ब्राह्मण कवि होता. महाराजांनीं त्यास 'छंदोगामात्य' ही पदवी देऊन राज्यकारभारांत घेतलें. परप्रांतीयाचा हा उत्कर्ष अनेकांस साहवला नाहीं. तो मांत्रिक आहे, जारणमारण करतो, त्यानेंच राजास भुरळ घातली, अशा आख्यायिका पसरल्या. 'कलशा'चा 'कलुषा' झाला. पुढें बखरकारांनींहि त्याच लिहून ठेविल्या.

परंतु १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं महाराज मोगलांच्या हातीं सांपडले, तेव्हां कलश त्यांजबरोबरच होता. ११ मार्च रोजीं भीमातीरीं उभयतांचा हालहाल करून वध झाला. अंतकाळींहि ज्यानें धन्याची सोबत केली, त्याची पारख लोकापवादावरून कशी करावी?

बालमित्रहो, ऐकीव गोष्टींवरून कोणास दोषी ठरविण्यापूर्वी त्याचें आचरण पाहावें.