मोठ्या जहाजांना पुरून उरलेली गलबतं : कान्होजी आंग्रेंच्या आरमाराचं गणित नेमकं काय होतं?

विमान बनवायच्या गेममध्ये कधी पाण्यावर उतरणारं विमान तयार करून बघितलंय? पोट बोटीसारखं केलं की ते तरंगतं, पण वजन वाढतं आणि हवेत ते सुस्त होतं. मोठं इंजिन लावलं तर पाण्यात आणखी बुडतं. सगळं एकदम मिळत नाही. काय सोडायचं, ते ठरवावं लागतं.

३०० वर्षांपूर्वी अलिबागच्या किनाऱ्यावर हेच गणित लाकडात मांडलं गेलं होतं. ते जमवणारा माणूस म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

सरखेल कसे झाले?

कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवरायांच्या काळात आरमाराच्या चाकरीत होते. १६९८ च्या सुमारास छत्रपती राजारामांच्या काळात कान्होजींकडे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख हे पद आलं. पुढे ताराराणी आणि शाहू यांच्यातल्या वादात ते ताराराणींच्या बाजूने होते. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. नंतर बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला आणि कान्होजी शाहूंचे सरखेल झाले.

बोटींमध्ये वेगळं काय होतं?

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. पण ती पाण्यात खोल बुडायची, त्यामुळे उथळ खाडीत शिरणं अवघड. वारा पडला की जागच्या जागी.

कान्होजींचा भर दोन प्रकारच्या बोटींवर होता. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब निमुळती नाळ असलेली बोट. तिच्या नाळेकडून दोन तोफा थेट समोर मारा करायच्या. गलबत त्याहून लहान आणि हलकं. त्याला शिडं होतीच, शिवाय ४०-५० वल्ही.

वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबा ओढून न्यायची. शत्रूच्या जहाजाच्या बाजूला तोफांची रांग असायची, म्हणून त्याच्या मागच्या बाजूने जायचं, शिडं-डोलकाठ्या निकामी करायच्या आणि मग माणसं वर चढवायची. पारडं उलटलं तर उथळ पाण्यात पसार. या बोटी कोकणात जुन्याच होत्या. कान्होजींनी त्यांच्याभोवती लढायची पद्धत उभी केली.

इंग्रजांचे प्रयत्न फसले

आपल्या समुद्रातून जायचं तर आपलं दस्तक घ्या, ही कान्होजींची अट होती. इंग्रजांना ती मान्य नव्हती, म्हणून ते त्यांना चाचा म्हणायचे. खरं तर पोर्तुगीजही दस्तकं विकायचे. ती अट मराठ्यांनी घातली की चाचेगिरी!

१७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर आले, १७१८ मध्ये खांदेरीवर. दोन्हीकडून हात हलवत परतले. १७२० मध्ये त्यांनी उथळ पाण्यात जाणारा, जड तोफांचा तरंगता तोफखाना बनवून विजयदुर्गावर आणला. त्याचाही उपयोग झाला नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले. बाजीराव मदतीला आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम बारगळली.

पुढे काय झालं?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि मानाजी-संभाजी या भावांमध्ये फूट पडली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. विजयदुर्ग पुढे तुळाजी आंग्रेंकडे आला. त्यांचं पेशव्यांशी पटलं नाही आणि नानासाहेब पेशव्यांनी थेट इंग्रजांशी हातमिळवणी केली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात एकमेकांजवळ बांधून ठेवलेल्या बोटींना आग लागली आणि आरमार जळून गेलं. ज्या बोटींची ताकद पळण्यात होती, त्या एका जागी अडकल्या होत्या. इतकी वर्षं इंग्रजांना जे एकट्याने जमलं नाही, ते आपल्यातल्या भांडणामुळे जमलं.

आज मुंबईतला नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' या नावाने ओळखला जातो. कान्होजींची समाधी अलिबागमध्येच आहे. पुढच्या वेळी ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यावर गेलात, तर पायाखालच्या त्या उथळ पाण्याकडे नीट बघा. कान्होजींचं सगळं गणित त्याच पाण्यावर उभं होतं.