शुश्रूषेचे व्रत घेतलेली ज्ञानज्योती

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती ३ जानेवारीला राज्यभर उत्साहाने साजरी होते. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांपासून बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावांमधील शाळांपर्यंत त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेण आणि दगड, जोतीरावांची खंबीर साथ हे सारे भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगितले जाते. १० मार्च या त्यांच्या स्मृतिदिनी मात्र एकच वाक्य ऐकू येते, ते म्हणजे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांचे निधन झाले. या एका वाक्यामागे सुमारे चार दशकांची शुश्रूषेची परंपरा आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. हा भाग सर्वपरिचित आहे. पुढे १८५६ च्या सुमारास सावित्रीबाई आजारी पडल्या व माहेरी नायगावला आल्या. बरे वाटू लागल्यावर त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना पत्र लिहिले. भावाने आपली मनापासून सेवा केल्याचे त्यात त्यांनी कृतज्ञतेने नोंदविले आहे. त्याच भावाने फुले दांपत्याच्या कार्याला नावे ठेवली, तेव्हा त्याची समजूत कशी घातली, हेही त्या सांगतात. आपल्या अनुपस्थितीत पुण्यातील कामाचा भार फातिमाबाईंवर पडत असेल, ही काळजीही पत्रात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काय हवे असते आणि त्याच्यामुळे इतरांवर किती ओझे पडते, या दोन्ही गोष्टींची जाण त्यांना स्वतःच्या आजारपणातून आली होती.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात लावण्यात आल्या. या कल्पनेचे श्रेय जोतीरावांना दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु भेदरलेल्या गर्भवतीला घरात घेणे, तिचे बाळंतपण करणे, नवजात बालकाला न्हाऊमाखू घालणे आणि काही वेळा ते सांभाळणे हे काम सावित्रीबाईंचे होते. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे उघडली, तेव्हाही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. एप्रिल १८७७ मध्ये जुन्नरजवळील ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातील हलाखीचे वर्णन आहे.

खरी कसोटी मात्र घरातच लागायची होती. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू निकामी झाली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मित्रत्वाच्या नात्याने उपचार केले. त्यामुळे जोतीराव काहीसे सावरले, परंतु पूर्ववत झाले नाहीत. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. घरची आर्थिक स्थिती खालावलेली होती. मामा परमानंदांसारख्या स्नेह्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे मदतीची विनंती करावी लागली, यावरून त्या ओढगस्तीची कल्पना येते.

सुमारे सव्वादोन वर्षे चाललेल्या या आजारपणात जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या जिद्दीचे कौतुक होते आणि व्हायलाच हवे. पण अर्धे अंग लुळे पडलेला माणूस लिहायला बसतो, तेव्हा त्याला उठवून बसविणारे, भरविणारे, स्वच्छ ठेवणारे आणि त्याचा धीर खचू न देणारे कोणीतरी त्याच्यापाशी असावे लागते. आजारी माणसाचे शेवटचे काम त्याच्या हातून पुरे व्हावे, यासाठी झटणे हा शुश्रूषेचाच एक भाग आहे. या ग्रंथाच्या निर्मितीत सावित्रीबाईंचा वाटा त्या अर्थाने पाहायला हवा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. आपला देह मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. नागरी वस्तीत दफनास परवानगी न मिळाल्याने दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला आक्षेप घेतला. टिटवे धरणारा वारसदार ठरतो, हा त्या काळचा रिवाज. वाद चिघळू लागताच सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. पतीच्या चितेला अग्नीही त्यांनीच दिला. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीने हे करावे, हे धाडस तर होतेच. परंतु ज्याची अखेरपर्यंत सेवा केली, त्याला शेवटचा निरोप देण्याचा अधिकारही त्यांनी त्या दिवशी बजावला.

यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाचे नेतृत्व स्वीकारले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९५ मध्ये सूनबाईंचा मृत्यू पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. पुढच्याच वर्षी आणखी मोठे संकट आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि वर्षअखेरीस साथ पुण्यात पोहोचली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन यांनी आपल्या लशीची चाचणी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःवर घेतली होती. रोग झालेल्याला बरे करील असे औषध मात्र नव्हते, ते मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे सीमाँ या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे रुग्णाजवळ जाणाऱ्याला धोका नेमका कोठून आहे, हेही ठाऊक नव्हते. जांघेत किंवा काखेत गाठ दिसली की घरात भीती पसरे, लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. अनेक रुग्ण अखेरच्या घटकेला एकाकी पडत.

अशा वेळी सावित्रीबाईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना बोलावून घेतले. शहराबाहेर हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. हडपसरचे ससाणे हे यशवंतरावांच्या सासरचे घराणे. डॉक्टर पुत्र उपचार पाहत होते आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणण्याचे व त्यांची उस्तवार करण्याचे काम करीत होत्या. औषधच नसताना तापाने फणफणलेल्या माणसाला पाणी पाजणे, त्याचे अंग पुसणे, त्याची घाण काढणे आणि त्याच्याजवळ बसून राहणे हाच मोठा उपचार होता. त्याच सुमारास, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी राबणारे सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्लेगनेच बळी घेतला. आपल्या वाट्याला काय येऊ शकते, याची जाणीव सावित्रीबाईंना नसेल असे म्हणता येत नाही.

मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि मळ्यातील दवाखान्यात आणले. ज्याची सावलीही अंगावर पडू न देण्याचा काळ, त्या वस्तीतील मुलाला त्यांनी रोगासह पाठीवर वाहून आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

पुण्याच्या प्लेगचा इतिहास पुढे वेगळ्याच घटनांनी व्यापला. त्या मार्चमध्ये रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या सुरू केल्या, रुग्णांना व नातेवाइकांना छावण्यांत हलविले गेले आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सक्ती आणि सूड यांच्या या कहाणीत ससाणे मळ्याची आठवण मागे पडली. रोग्याला शत्रूसारखे न वागविता साथीला तोंड देता येते, हे तेथे दिसले होते.

आज आयुष्याच्या अखेरीस आलेल्या रुग्णांच्या सेवेला वैद्यकशास्त्रात 'पॅलिएटिव्ह केअर' असे स्वतंत्र नाव आहे. लंडनमध्ये १९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि या विचाराला आधुनिक रूप दिले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये 'शांती अवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. पुण्यात वारजे येथे कर्करुग्णांसाठी असे केंद्र १९९७ मध्ये, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, सुरू झाले. वेदना कमी करणे, रुग्णाची स्वच्छता व सन्मान जपणे, त्याच्या आणि कुटुंबीयांच्या मनाला आधार देणे ही या सेवेची सूत्रे आहेत. वेदनाशामक औषधे सोडली, तर यातील बरेचसे सावित्रीबाई आधीच करीत होत्या.

ही केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. पिंपळगाव राजासारख्या गावातील रुग्णाला आता उपाय नाही, घरी घेऊन जा, असे सांगितले जाते, तेव्हा पुढची सारी सेवा घरातल्यांवर, बहुतेकदा घरातील सुनेवर किंवा मुलीवर येऊन पडते. ती तिला कोणी शिकविलेली नसते आणि तिची कोठे नोंदही होत नाही. लिहिता-वाचता येणे हा स्त्रीचा हक्क आहे, हे सावित्रीबाईंनी शाळेतून शिकविले. मरणाऱ्याची सेवा हे घरातल्या बाईने मुकाट उरकायचे काम नसून संपूर्ण समाजाने शिकून, वाटून घ्यायचे काम आहे, हा त्यांच्या जीवनाचा दुसरा धडा. जयंतीबरोबर स्मृतिदिनीही त्याची उजळणी व्हायला हवी.